कागद घरी आले

आठ लाखांचे कर्ज, व्याज दहा टक्के, मुदत वीस वर्षे, दरमहा हप्ता 7,720 रुपये. मी मराठीचा एम.ए. आहे. अलंकार आणि वृत्ते शिकवण्यात हयात गेली. आकड्यांशी माझे नाते पगारपत्रकापुरतेच. पण हे चार आकडे 2009 सालापासून असे पाठ झाले आहेत की झोपेतून उठवून विचारले तरी सांगेन.

घर बेळगावात, वडगावच्या बाजूला. जागा आधीच घेतली होती, तीही हप्त्या-हप्त्याने. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे पडवी आणि वर गच्ची, एवढेच बांधकाम. त्या वर्षी माझे वय चाळीस. आमच्याकडे निवृत्ती साठीला. बँकेच्या साहेबांनी हिशेब करून सांगितले, "सर, शेवटचा हप्ता आणि शेवटचा पगार एकाच महिन्यात. काळजीच नाही." त्यांच्या दृष्टीने ही सोय होती. मला मात्र बसल्या जागी घाम फुटला.

त्याचे कारण गावाकडचे. आमचे मूळ गाव खानापूर तालुक्यातले. आजोबांची दीड एकर भाताची जमीन होती, पाण्याखालची. एका आजारपणापायी आणि एका लग्नापायी त्यांनी ती मुदतखरेदीने लिहून दिली. मुदतखरेदी हा शब्द आजच्या मुलांना ठाऊक नसेल. कागदावर विक्री, तोंडी गहाण. ठरल्या मुदतीत पैसे परत केले तर जमीन तुझी, नाही तर त्याची. मुदत 1952 च्या सुगीत संपली. पैसे झाले नव्हते. वडील तेव्हा चौदा वर्षांचे. पुढची चार वर्षे ते त्याच शेतात रोजंदारीने भात कापायला जात होते. हे त्यांनी आम्हाला कधी रडून सांगितले नाही. कुठल्या बांधाला कोणते झाड होते, एवढेच सांगत.

सावकारी कागदांची ही भीती आपल्या मुलखाला नवी नाही. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खते हिसकावून जाळली. पुढे 1879 चा कायदा त्यातूनच आला. त्याआधी अडीचशे वर्षे तुकोबांनी आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवली, असे आपण ऐकत आलो. मात्र ते सावकाराच्या बाजूला होते, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. कर्ज घेणाऱ्याला नदीचा काही उपयोग नाही. त्याने फेडायचे.

तर घर बांधायला घेतले आणि मूळ खरेदीखत बँकेत ठेवले, हे वडिलांना सांगताना मी "गहाण" हा शब्द टाळला. "बँकेत ठेवलंय" म्हणालो. ते म्हणाले, "म्हणजे गहाणच न्हवं?" त्यानंतर गावाहून तांदळाचे पोते घेऊन ते जेव्हा जेव्हा येत, तेव्हा तेव्हा चहा घेण्याआधी विचारत, "कागद आला काय रे?" नव्या घरात मुक्कामाला मात्र राहत नसत. संध्याकाळची एस.टी. गाठत. गुरे आहेत, म्हणत. गुरे 2011 साली विकली, तरीही गाठत.

पहिल्या वर्षाअखेर बँकेचा उतारा आला. मी 92,640 रुपये भरले होते आणि कर्ज कमी झाले होते 13,238 रुपयांनी. उरलेले सगळे व्याजात गेले होते. मला वाटले काही तरी चूक आहे. उतारा घेऊन शाळेत आमच्या गणिताच्या सरांकडे गेलो. त्यांनी मधल्या सुट्टीत फळ्यावरच मांडून दाखवले. आठ लाखांवर दहा टक्क्यांनी एका महिन्याचे व्याज 6,667 रुपये. हप्ता 7,720. म्हणजे पहिल्या हप्त्यातून मुद्दलाला मिळाले 1,053. पुढच्या महिन्यात थोडे जास्त, त्याच्या पुढच्या महिन्यात आणखी थोडे. याच गतीने दहा वर्षे, म्हणजे अर्धी मुदत, भरत गेलो तर सव्वानऊ लाखांवर रक्कम बँकेत गेलेली असेल आणि तरीही 5 लाख 84 हजार देणे शिल्लक असेल. वीस वर्षांचे एकूण 18 लाख 52 हजार.

मी खाली बसलो. तेव्हा सरांनी खडू उलटा धरला आणि म्हणाले, "आता गंमत बघा." पहिल्याच महिन्यात हप्त्याबरोबर एक हजार रुपये जादा भरले, तर वीस वर्षांनंतरच्या शेवटच्या हप्त्यातून 7,268 रुपये कमी होतात. म्हणजे तो हप्ता जवळजवळ पुसलाच जातो. चक्रवाढ व्याज ज्या रस्त्याने अंगावर येते, त्याच रस्त्याने परतही जाते. फक्त लवकर निघायला हवे. अठराव्या वर्षी भरलेल्या हजार रुपयांना ही किंमत नाही.

त्या संध्याकाळी मी ते सारे वहीत उतरवून सौ.ला दाखवले. तिने आकडे पाहिलेच नाहीत. "महिन्याला किती बाजूला काढायचे ते सांगा," एवढेच विचारले.

काटकसर हा शब्द पुरुषाने उच्चारायचा आणि बाईने पाळायचा, अशी आपल्याकडची रीत आहे. म्हणून "आम्ही" काटकसर केली असे लिहिताना माझा हात जरा अडखळतो. मी सायकल काढली, चहा-पान सोडले, पेपर शेजाऱ्यांबरोबर निम्म्या-निम्म्याने घेतला. यात काय मोठे? तिने शनिवारच्या बाजाराला सकाळऐवजी संध्याकाळी जायला सुरुवात केली. बाजार उठण्याच्या वेळी भाजी निम्म्या भावात मिळते. आमच्या भागात भाजी मुबलक, गोव्याला गाड्या भरून जाते, तेव्हा हे शक्य होते. जुन्या लुगड्यांच्या वाकळा शिवल्या. साड्यांना फॉल लावून द्यायचे काम घेतले. कडधान्याची उसळ आणि भाकरी हे आमच्या घरचे रात्रीचे जेवण ठरूनच गेले. दिवाळीचा फराळ घरचाच. कुंदा मात्र वर्षातून एकदा विकत आणायचा, यावर ती ठाम होती. बेळगावात राहून कुंदा न खाणे याला ती काटकसर नव्हे, करंटेपणा म्हणायची.

कशाला हात लावायचा नाही, हेही तिनेच ठरवले. दूध, डॉक्टर, मुलांची पुस्तके आणि शाळेची सहल. चौथी गोष्ट मला पटली नव्हती. मुलगी आठवीत हंपीला गेली तेव्हा पैशांवरून आमचे चार दिवस बोलणे बंद होते. मुलगी गेली, आणि येताना विरूपाक्षाच्या देवळातल्या अंगाऱ्याची पुडी घेऊन आली.

वरच्या उत्पन्नाचा नियम सोपा होता: जे पगाराशिवाय येईल ते घरात शिरू द्यायचे नाही. पेपर तपासणीचे मानधन, रजेचा पगार, 2012 साली वेतनश्रेणी सुधारल्या तेव्हाची वाढ, सगळे परस्पर कर्जखात्यात. दिवाळी अंकांचे मानधनही त्यात धरले होते. पण त्याने मुद्दल किती हलले हे सांगून संपादकांना मी अवघडून टाकणार नाही.

दोन गोष्टी इथे नोंदवल्या पाहिजेत, कारण नवे शिक्षक मला अजून विचारतात. जादा रक्कम भरली की बँकेतला कारकून कधी कधी हप्ता कमी करून देतो आणि मुदत तीच ठेवतो. आपल्याला बरे वाटते, पण निम्मा फायदा तिथेच जातो. हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा, असे लेखी द्यावे लागते. मी प्रत्येक वेळी दिले. दुसरे, सगळी शिल्लक कर्जात ओतायची नाही. कर्जात गेलेला पैसा मागून परत मिळत नाही. आम्ही चार महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम वेगळी ठेवली होती. 2013 च्या पावसाळ्यात सौ.चे ऑपरेशन झाले तेव्हा तिनेच तारले. त्या वर्षी जादा भरणा शून्य.

सहकाऱ्यांनी वेड्यात काढले, हे सांगायलाच नको. "गृहकर्जाच्या व्याजावर आयकरात सूट असते, तुम्ही कशाला घाई करता?" हा प्रश्न स्टाफरूममध्ये दर मार्चला यायचा. मी दहा टक्के कराच्या टप्प्यात होतो. शंभर रुपये व्याज द्यायचे आणि त्यावरचा दहा रुपये कर वाचवायचा, यात शहाणपण कोणते हे मला कोणी नीट सांगितले नाही. दुसरा आक्षेप दंडाचा. मुदतीआधी कर्ज पुरे फेडले तर बँका दोन-दोन टक्के आकार लावत. 2012 च्या जूनमध्ये रिझर्व्ह बँकेने बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर असा आकार घेण्यास मनाई केली, आणि तो प्रश्न निकालात निघाला. त्याच दोन वर्षांत व्याजदर मात्र चढत गेले. मार्च 2010 ते ऑक्टोबर 2011 या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर तेरा वेळा वाढवला. हप्ता तोच राहिला आणि मुदत गुपचूप लांबली. आमचा दोन वर्षांचा जादा भरणा बहुतेक त्यातच जिरला. 2022 नंतरच्या वाढीत माझ्या तरुण सहकाऱ्यांवर हीच पाळी आली. ऑगस्ट 2023 पासून हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारण्याचे बंधन बँकांवर आले आहे. आम्हाला कोणी विचारले नव्हते.

जून 2018 मध्ये शेवटचा भरणा केला. वीसऐवजी नऊ वर्षे लागली. व्याजाचे सहा लाखांच्या आसपास वाचले असावेत. कागद मात्र लगेच मिळाले नाहीत. ते दुसऱ्या गावच्या कचेरीत होते, मग साहेब रजेवर होते, मग पावसाने रस्ता बंद होता. अडीच महिने गेले. आता कर्ज फिटल्यापासून तीस दिवसांत मूळ कागद परत करायचे, नाही तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई द्यायची, असा नियम आहे. तो 1 डिसेंबर 2023 पासूनचा. तेव्हा नव्हता.

खरेदीखत मिळाल्यावर मी घरी न येता थेट गावी गेलो. वडील ऐंशीचे होते. त्यांना वाचता येत नव्हते. कागद हातात घेऊन त्यांनी एकेक पान उलटले, शिक्क्यावर बोट फिरवले आणि विचारले, "तुझं नाव कुठं हाय?" मी दाखवले. "आणि तिचं?" सौ.चे नाव खाली होते; तेही दाखवले. त्या आठवड्यात ते आमच्याकडे आले आणि पहिल्यांदा मुक्कामाला राहिले. रात्री गच्चीवर झोपायचा हट्ट धरला. ऑगस्ट संपत आलेला, पाऊस येईल म्हणून मी दोनदा उठून पाहिले. ते गाढ झोपले होते.

मुलांचे काय, असे लोक विचारतात. आम्ही त्यांच्यापासून काही लपवले नव्हते; वही टेबलावरच असे. मुलीला त्या दिवसांचे काही वाटत नाही, उलट मैत्रिणींना ती ते अभिमानाने सांगते. मुलगा धाकटा. दहावीपर्यंत तो बहिणीची जुनी सायकल चालवत होता, बिनदांडीची, आणि वर्गातली पोरे त्याला त्यावरून चिडवत. आज तो पुण्यात चांगल्या नोकरीत आहे. गेल्या उन्हाळ्यात आला तेव्हा सहज म्हणाला, "बाबा, मला अजून हॉटेलात गेलं की आधी उजव्या बाजूचा आकडा दिसतो, मग पदार्थाचं नाव." तो हसत होता. मी त्याला म्हटले, की घर आपले आहे. तो म्हणाला, "हो ना." त्यावर काय बोलायचे मला सुचले नाही, अजूनही सुचलेले नाही. सौ. म्हणते, त्याची बायको ते ठीक करील.

हप्ता बंद झाला त्याच महिन्यापासून तेवढीच रक्कम सौ.ने आपल्या नावे आवर्त ठेवीत टाकायला सुरुवात केली. कशासाठी, ते सांगितले नाही. 2022 च्या हिवाळ्यात ती आपल्या तिन्ही बहिणींना घेऊन काशीला गेली, सगळ्यांचा खर्च तिचा. मला नेले नाही. शाळा होती हे खरे, पण विचारलेही नाही. त्या बारा दिवसांत डब्याच्या भाकऱ्या मी थापल्या.