लाल दिवा लागला, भाऊ

रात्री साडेनऊनंतर फोन वाजला की पलीकडचं वाक्य मला ठाऊक असतं. "लाल दिवा लागला ना भाऊ, नेट चालून नाही राह्यलं." मूर्तिजापूर ते दर्यापूर या पट्ट्यात मी वीस-बावीस वर्षं तारा ओढतो आहे, सुरुवातीला केबल टीव्हीच्या, आता फायबरच्या. घरातल्या इंटरनेटच्या डबीवर लाल दिवा लागला म्हणजे काचेच्या तारेतून येणारा उजेड तिथवर पोचत नाही. तो पंचायतीच्या भिंतीशी थांबला, नाल्याच्या काठी थांबला की त्याच घराच्या चौकटीतल्या खिळ्याशी, हे शोधणं माझं काम.

खेड्यात वेगवान इंटरनेट का नाही असं विचारलं की शहरातली माणसं अंतराचं कारण सांगतात. मला ते पटत नाही. या कामाला वऱ्हाडाइतका सोपा मुलूख क्वचितच मिळेल. पूर्णेचं खोरं सपाट आहे. आमची गावं कोकणातल्या वाड्यांसारखी विखुरलेली नाहीत. गावठाणात भिंतीला भिंत लागून घरं बसली आहेत. फायबर मारुतीच्या पारापर्यंत आणलं की शे-दोनशे मीटरच्या आत निम्मं गाव येतं. तालुक्याच्या यंत्रातल्या एका पोर्टमधून निघालेला उजेड स्प्लिटरने वाटत वाटत बत्तीस घरांना देता येतो आणि वीस किलोमीटरपर्यंत नेता येतो. मूर्तिजापूरभोवती वीस किलोमीटरचं वर्तुळ काढून त्यात किती गावं बसतात ते बघा.

मग अडतं कुठे? आपण तार किती किलोमीटर टाकली ते मोजत आलो. तुटलेली तार किती तासांत जोडली, ते कुणी मोजलं नाही. माझ्या सगळ्या अनुभवाचं सार एवढंच आहे.

देशातल्या अडीच लाख ग्रामपंचायती फायबरने जोडायची योजना केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली. पुढे तिचं नाव भारतनेट झालं. तिच्या दुसऱ्या टप्प्यातलं महाराष्ट्रातलं काम राज्याने महानेट या नावाने हाती घेतलं. ही योजना मोठ्या मनाची होती, हे मी मनापासून सांगतो. खारपाणपट्ट्यातल्या हजार-बाराशे वस्तीच्या गावासाठी कुठलीच खासगी कंपनी स्वतःच्या पैशाने चारी खोदत आली नसती. पण सुरुवातीची जोडणी सरळ रेषेची होती. तार तालुक्यातून निघायची, पहिल्या गावातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जायची. पहिल्या गावाच्या अलीकडे ती तुटली की मागची सगळी गावं बंद. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने सुधारित भारतनेट मंजूर केलं, १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपयांचं. त्यात जोडणी वर्तुळाची आहे, म्हणजे एका बाजूने तुटलं तरी दुसऱ्या बाजूने उजेड येतो. दहा वर्षांच्या देखभालीचीही तरतूद आहे. वर्तमानपत्रांनी कोटींचा आकडा ठळक छापला. माझं लक्ष देखभाल या शब्दावर गेलं.

आमच्या जमिनीत तार टाकून निघून जाणं चालत नाही. वऱ्हाडची काळी माती कापसाला चांगली आणि तारेला वाईट. वैशाखात तिला अशा भेगा पडतात की कोपरापर्यंत हात आत जातो. मृगाचा पाऊस पडला की तीच माती फुगते आणि भेगा मिटतात. दरवर्षीच्या या उघडझापीत खांब कलतात, पाइप सरकतो, जॉइंटच्या डब्यात पाणी शिरतं. फायबर १६५ सेंटीमीटर खोल असावं असा नियम आहे. जिथे ठेकेदाराने तो पाळला तिथली तार वर्षानुवर्षं टिकलेली मी पाहिली आहे. जिथे दोन फुटांवरच माती लोटली, तिथे नाला खोलीकरणाचा जेसीबी आला किंवा कुणी ठिबकची पाइपलाइन टाकायला धुऱ्याकडेने चारी मारली, की गाव बंद. खोदण्याआधी तारवाल्यांना कळवण्यासाठी 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं अ‍ॅप मार्च २०२३ मध्ये आलं. ते आमच्या भागातल्या प्रत्येक जेसीबीवाल्याच्या फोनमध्ये असायला हवं. मी भेटेल त्या ड्रायव्हरला बाजूला घेऊन ते टाकून देतो.

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरची डांबरी मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकली गेली आणि त्याचा गिनीज विक्रम झाला. रात्रीच्या दिव्यांत चाललेलं ते काम पाहायला मी मुलाला घेऊन गेलो होतो. ऊर भरून आला होता. त्याच पावसाळ्यात महामार्गापासून आत असलेल्या एका गावची तार एकोणीस दिवस तुटलेली राहिली. टाकणाऱ्याचं काम संपलं होतं आणि दुरुस्ती करणारा अजून नेमलेला नव्हता. शेवटी सरपंचांनी मला बोलावलं.

तुटलेली जागा नाल्याकाठी होती. संध्याकाळचे सात वाजले होते, चिखल पोटरीपर्यंत. मशीन ठेवायला कुणीतरी घरून खाट आणली, एकाने बॅटरी धरली. तारेचं काळं आवरण सोललं की आत रंगीत केसांसारखे धागे निघतात: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा. निळ्याला निळा आणि नारिंगीला नारिंगीच जोडायचा. रंगाचा लेप खरवडला की उरते १२५ मायक्रॉनची काच, आणि उजेड वाहतो तो तिच्या मधल्या नऊ मायक्रॉनमधून. स्पिरिटने पुसायचं, क्लीव्हरने टोक काटकोनात तोडायचं, दोन्ही टोकं मशीनमध्ये समोरासमोर ठेवायची. पडद्यावर ती खांबाएवढी दिसतात. मध्ये विजेची ठिणगी पडते आणि काच काचेत वितळून एक होते. धुळीचा एक कण राहिला तर जोड वाया जातो. खाटेभोवती जमलेली माणसं त्या वेळी श्वास रोखून उभी होती, त्यांनाही कळलं होतं की फुंकर पडली तर बिघडेल. चोवीस धागे जोडायला पावणेतीन तास लागले.

अशा कामाला नट-बोल्टची घाई चालत नाही, आणि म्हणूनच ते करणारा माणूस जवळ लागतो. उजेडाचा हिशेब फार काटेकोर असतो. यंत्रातून निघालेल्या उजेडाला घरापर्यंत साधारण २८ डेसिबल गमावायची मुभा असते. दर तीन डेसिबलला तो निम्मा होतो. बत्तीस घरांत वाटण्यातच सतरा जातात, उरलेल्यात अंतर, जोड आणि कनेक्टर बसवायचे. आसेगावकडच्या एका मावशींकडे रोज रात्री नेट जायचं. मीटर लावला तर पॉवर उणे २१ ऐवजी उणे २९. त्यांनी झाडलोट करताना लोंबणारी तार नीट गुंडाळून खिळ्याला घट्ट बांधली होती. काच तीव्र वळली की उजेड वळणावरच सांडतो. मी गुंडाळी सैल केली आणि दिवा हिरवा झाला. "मले वाटलं, चांगलं दिसते," मावशी म्हणाल्या. त्यांची चूक नव्हतीच. तार लावून देणाऱ्याने त्यांना हे सांगायला हवं होतं.

जिथे खोदता येत नाही तिथे रेडिओ. टॉवरवर दोन डिश समोरासमोर लावायच्या. पण नुसती नजर जाऊन भागत नाही. आठ किलोमीटरच्या लिंकला, ५.८ गिगाहर्ट्झवर, मध्यावर दहा मीटर त्रिज्येची मोकळी जागा लागते. माझी एक लिंक फाल्गुनात उत्तम चालली आणि चैत्रात पडली. वाटेतला पिंपळ तेव्हा निष्पर्ण होता, पालवी फुटल्यावर तो भिंत झाला. तेव्हापासून झाड बघून त्याला पान कधी येतं हे मी आधी गावकऱ्यांना विचारतो. मेळघाटात तर सागाचं जंगल, डोंगर आणि व्याघ्र प्रकल्पाची परवानगी, तिन्ही एकत्र येतात. धारणी तालुक्यातलं हरिसाल २०१६ मध्ये राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या प्रयत्नातून देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून पुढे आलं. मेळघाटातल्या कोरकू वस्त्यांना नेट द्यायचं तर किती बाजूंनी विचार करावा लागतो, हे त्या निमित्ताने मुंबईत पोचलं, याचं मला समाधान आहे.

विजेचं थोडक्यात सांगतो. लाइट गेली की फायबर जात नाही, डबी बंद पडते. बारा व्होल्टचा छोटा यूपीएस घरात लावा. पंचायतीतल्या यंत्राची बॅटरी वर्षातून दोनदा तपासा, आणि त्या खोलीची एक किल्ली गावात राहणाऱ्याच्या हाती द्या.

मोबाइल आहे की, मग घरात तार कशाला, असं विचारणारे अजून भेटतात. संध्याकाळी आठला अख्खं गाव एका टॉवरवर येतं, तेव्हा बी.एस्सी.च्या मुलीचा वर्ग अडकतो, पुण्याच्या कंपनीचं काम गावातून करणारा पोरगा गच्चीवर चढतो. आणि आता शेतीही इथेच आली आहे. २०२५ च्या हंगामापासून सीसीआयला, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाला, हमीभावाने कापूस विकायचा तर 'कपास किसान' अ‍ॅपवर नोंदणी लागते. ज्या आठवड्यात नोंदणी, त्याच आठवड्यात तार तुटलेली असेल, तर कास्तकाराने बोंडं वेचायची की सिग्नल शोधत फिरायचं? अशा वेळी एकोणीस दिवस हा आकडा मला झोपू देत नाही.

म्हणून गेल्या वर्षीपासून मी दर रविवारी दर्यापुरात आयटीआयच्या पाच-सहा मुलामुलींना स्प्लायसिंग, म्हणजे तारेचे धागे जोडणं, शिकवतो. प्रत्येक आठ-दहा गावांमागे एक जोड मारणारा माणूस, त्याच्याकडे मशीन, मीटर आणि दुचाकी, एवढं झालं तर एकोणीस दिवसांचे पाच तास होतील, हे मी हिशेब करून सांगतो. मशीन महाग आहे. तालुक्यात दोन-तीन घेऊन आळीपाळीने वापरता येतात. परवाच्या रविवारी त्यांतल्या एका मुलीने जोड मारला, पडद्यावर ०.०८ डेसिबलचा तोटा आला. मी म्हटलं, चालते, पास आहे. तिने मान हलवली, "नाही सर, टोक वाकडं तुटलं व्हतं," म्हणाली, जोड तोडला आणि पुन्हा क्लीव्हर हातात घेतला.