गजर न वाजवणारी कामं

मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा जठारपेठेतल्या बंद खिडक्यांआड पडून असलेल्या म्हाताऱ्या माणसांचा विचार मनातून जात नाही. उतारवयात तहानेची जाणीव मंदावते. शरीर कोरडं पडत असतं आणि माणूस पाणी मागत नाही. वृद्धाश्रमात एका परिचारिकेवर अनेकांचा भार असला की ती साहजिकच इन्सुलिन, धाप, कुणाचं पडणं आधी बघते. परिचारिकांच्या कामाच्या अभ्यासक बिअट्रिस कॅलिश यांनी २००६मध्ये अमेरिकी रुग्णालयांतल्या परिचारिकांशी बोलून काय राहून जातं ते मांडलं: चालवणं, कूस बदलणं, वेळेवर भरवणं, पाण्याची नोंद, धीर देणं. मागे पडतं ते गजर न वाजवणारं काम.

जीव वाचवणं आधी, पाणी नंतर, असं कुणी म्हणेल. ऐन प्रसंगी ते खरंच आहे. पण वृद्धांच्या बाबतीत तो प्रसंग कितीदा तरी याच राहिलेल्या कामांतून ओढवतो: पाणी कमी पडलं की भ्रम, लघवीचा संसर्ग, चक्कर येऊन पडणं, कूस बदलली नाही की शय्याव्रण. पाणी पाजायला मदतनीस पुरे, हा दुसरा आक्षेप. हात मदतनिसाचे चालतील. पण आज कोण असंबद्ध बोलतंय, हृदयविकारामुळे कुणाला पाणी मोजूनच द्यायचं, हे प्रशिक्षित नजरच ठरवू शकते. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात जिल्ह्यागणिक किमान १५० निराधार वृद्धांच्या आश्रमाची तरतूद आहे. जागा मोजल्या, तशा परिचारिकाही मोजाव्यात. आपलं माणूस आश्रमात ठेवताना खोली बघण्याआधी रात्रपाळीला परिचारिका किती, हे विचारा.