वॉट आणि युनिट: किन्हवलीतली टिपणे

थंडी पडली की गावात रॉड बाहेर निघतात आणि त्याबरोबर एक समजही: 1500 वॉटचा रॉड वीज खातो, 1000 चा परवडतो. बादलीत 15 लिटर पाणी 25 अंशांवरून 45 वर न्यायला साधारण एक तृतीयांश युनिट लागतंच. मोठा रॉड ते 14 मिनिटांत देतो, छोटा 21 मिनिटांत. बिल सारखंच. वॉट म्हणजे ऊर्जा देण्याचा वेग. मीटर मोजतं ती एकूण ऊर्जा.

*

उलट, 75 वॉटचा जुना पंखा 15 तास फिरला की एका युनिटाच्या थोडा पुढे जातो. त्याच्याकडे कुणी संशयाने बघत नाही.

*

नववीच्या 'कार्य आणि ऊर्जा' या धड्यात हे सगळं आहे. मुलं व्याख्या घडाघडा म्हणतात. त्यांना घरचं बिल वाचायला द्यायला हवं.

*

आमच्या शहापूर तालुक्यातच चोंढ्याला घाटघर जलविद्युत प्रकल्पाचं खालचं धरण आहे. वीजघरात 125 मेगावॉटचे दोन संच. वरच्या धरणातलं पाणी सुमारे 400 मीटर खाली येतं. एवढ्या उंचीवरून हजार लिटर उतरले, की हाती येतं जेमतेम एक युनिट! पाणी सावकाश सोडा किंवा झपाट्याने, युनिट तेवढंच. पण 250 मेगावॉट हवे असतील तर सेकंदाला 70 हजार लिटरच्या आसपास सोडावे लागतात. मागणी कमी असते तेव्हा तेच पाणी पंपाने परत वर चढवतात. त्यात मिळते त्याहून जास्त वीज खर्च होते, तरी हा व्यवहार योग्य आहे. संध्याकाळी सगळ्यांना एकाच वेळी वीज लागते, आणि त्या घटकेला कमी पडतो तो वेग.

*

गावात तेच डीपीवर दिसतं. सातच्या सुमाराला भार वाढतो, ट्यूब फडफडते, मोटार नुसती घुमते. व्होल्टेज 230 वरून 180 वर आलं की 1500 वॉटचा रॉड 920 वॉटवर येतो, कारण शक्ती व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते. मग 14 मिनिटांच्या बादलीला 23 मिनिटं.

टाकी दुपारीच भरून ठेवता येत असेल, तर संध्याकाळी मोटार लावू नका. त्याच डीपीवर शेजारची मुलं अभ्यासाला बसलेली असतात.