सातबाऱ्यावरचे नाव

पौड, ता. मुळशी

चि. प्रसाद यास,


डोंगरातल्या खाणीला गावाचा विरोध होतो तो बहुतेक वेळा पाण्यापायी. सिंधुदुर्गातल्या सावंतवाडी-दोडामार्गच्या डोंगरांत लोहखनिज आहे आणि त्याच डोंगरांवर जांभ्याचा थर आहे. हा जांभा पावसाचे पाणी पोटात घेतो व पुढे कित्येक महिने झऱ्यांवाटे खालच्या भातखाचरांना आणि पोफळीच्या बागांना पुरवतो. खाणीसाठी आधी हा माथाच काढला जातो. खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला की रात्रंदिवस पंप लावावे लागतात आणि भोवतालच्या विहिरी उतरतात. वर रचलेला मातीचा ढिगारा पावसाबरोबर खाली येतो तो शेतातच. तिथल्याच कळणे गावात जुलै २०२१ च्या पावसात खाणीत साठलेले पाणी बांध फोडून चिखलासह बागांत आणि घरांत शिरले.

अशा प्रकल्पाला हरकत घेण्याची रीत २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेने घालून दिली आहे. कंपनीच्या अहवालाचा सारांश मराठीत मिळतो, तीस दिवसांची सूचना निघते, आणि जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी जनसुनावणी घेतो. मात्र सुनावणीत मतदान नसते. हरकती नोंदवून वर पाठवल्या जातात व निर्णय दुसरीकडे होतो. ओडिशातल्या नियमगिरीत २०१३ साली बारा ग्रामसभांनी बॉक्साइटची खाण नाकारली आणि ती थांबली. पण तिथे वनहक्क कायदा आणि सर्वोच्च न्यायालयाचा आदेश, दोन्ही पाठीशी होते. कोकणातल्या गावांना तेवढा आधार नाही. तरीही सिंधुदुर्गातल्या काही ग्रामसभांनी आपले गाव पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवावे असे ठराव केले, आणि माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ च्या अहवालात त्यांची दखल घेतली. पश्चिम घाटाच्या सर्वांत नाजूक पट्ट्यांत नव्या खाणी नकोत, असे हा अहवाल सांगतो. सरकारने तो बाजूला ठेवून दुसरी समिती नेमली. सावंतवाडी-दोडामार्ग पट्टा उच्च न्यायालयाच्या वृक्षतोडबंदीमुळे काहीसा वाचला, आणि मार्च २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने तिथल्या गावांचा संवेदनशील क्षेत्राचा प्रश्न ठरावीक मुदतीत निकाली काढण्यास सांगितले.

शंभरेक वर्षांपूर्वी आमच्या मुळशीच्या शेतकऱ्यांना यातले काहीच नव्हते. मुळा आणि निळा यांच्या खोऱ्यात टाटांच्या कंपनीला धरण बांधायचे होते. पाणी घाटाखाली भिऱ्याला सोडून वीज मुंबईच्या गिरण्यांना द्यायची होती. १८९४ च्या कायद्याने सरकार कंपनीसाठी जमीन घेऊ शके, आणि मालकाला बोलायचे ते मुख्यतः मोबदल्याबद्दल. पन्नासेक गावांवर पाणी येणार होते. खाचरे होती ती आंबेमोहोराची. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळे कामाच्या जागेवर जाऊन बसले. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट पुढे होते, घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. बापटांना सेनापती म्हणू लागले ते याच लढ्यापासून. कंपनीने काही काळ काम थांबवले, मग पुन्हा सुरू केले. बायकाही तुरुंगात गेल्या. डिसेंबर १९२४ मध्ये बापटांनी कामगारांची आगगाडी अडवली, त्यांना दीर्घ शिक्षा झाली, आणि सत्याग्रह तिथेच संपला. धरण पुरे झाले. पर्यावरण हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता, पण माणसे भांडत होती ती आपली जमीन आणि गाव वाचवण्यासाठीच.

लढा हरला तो केवळ पोलिसांमुळे नव्हे. राजेंद्र व्होरा यांनी मुळशी सत्याग्रहावरच्या पुस्तकात हे नीट मांडले आहे: खोऱ्यातली बरीच जमीन पुण्याच्या सावकारांच्या नावे होती आणि कसणारा मावळा त्यांचे कूळ होता. चांगला मोबदला दिसताच सावकार वेगळे झाले. ज्याचे घर बुडत होते त्याचे नाव कागदावर नव्हते, आणि ज्याचे होते त्याचे काहीच बुडत नव्हते. या लढ्याच्या कौतुकात ही बाजू सहसा वगळतात. खरे तर शिकण्यासारखी बाजू तीच.

सिंधुदुर्गात कागदावरचा मालक आणि गाव यांच्यातली ही फट निराळ्या वाटेने पडते. तिथला सातबारा बहुधा सामाईक असतो. एका डोंगरावर वीस-पंचवीस नावे, त्यांतली निम्मी मुंबईच्या चाकरमान्यांची. खाणीसाठी जमीन घेणाऱ्याला सगळे गाव राजी करावे लागत नाही; बाहेरच्या दोन-चार हिस्सेदारांपासून सुरुवात केली की पुरते. एकदा खरेदीदाराचे नाव सातबाऱ्यावर चढले की गावातल्या भावकीची हरकत शेजारच्या हिस्सेदाराची तक्रार होऊन बसते. मग मोजणी, वाटप आणि दिवाणी दावे, ज्यांत खर्च गावकऱ्याचा आणि वेळ कंपनीच्या सोयीचा.

अशाच एका डोंगरावरचा तुझ्या आजोबांचा हिस्सा आता तुझ्या नावावर आहे आणि त्याला गिऱ्हाईक आले आहे, असे ताईने कळवले. भाव चांगला असेलच. सही करण्याआधी एकदा गावी जा, घेणारा कोण आणि कशासाठी घेतो ते विचार, आणि ज्यांच्या विहिरी त्या डोंगराखाली आहेत त्या चुलत्यांशी बोल.

कळावे,
तुझा मामा