न खुडलेली वेल

दिल्लीतील त्या निवृत्त प्राध्यापकांचे आयुष्य जुन्या मराठी पोथ्यांच्या पाठभेदांत गेले. गच्चीवरील कुंड्या हा मात्र पत्नीचा प्रांत. थंडीच्या तोंडावर, ऑक्टोबरात, ती ‘स्वीट पी’चे वाटोळे बी रात्रभर भिजत घाली, जे फुगत नसे त्याच्या कठीण सालीला चाकूने हलकीशी चीर देई आणि मग पेरी. फेब्रुवारीत दोऱ्यांवर चढलेल्या वेली फुलत. फूल लहानसेच : वरची पाकळी गडद किरमिजी, बाजूच्या दोन जांभळ्या. पण सुवास असा, की जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरच कळावे, वेल फुलली.

“अगं, बाजारात याहून मोठी फुले मिळतात,” ते म्हणत.

“मिळतात की. वास घेऊन पाहा,” एवढेच तिचे उत्तर.

या वाणाला कुपानीचे नाव आहे. सिसिलीतील मठवासी वनस्पतिज्ञ फ्रान्चेस्को कुपानी यांनी १६९९ मध्ये या फुलाचे बी इंग्लंडात एन्फील्ड येथे रॉबर्ट यूव्हडेल यांच्याकडे पाठविले. गुलाबी-पांढरी ‘पेंटेड लेडी’ ही अठराव्या शतकातली. पुढे हेन्री एकफर्ड यांनी श्रॉपशरमधील वेम या गावी संकर करून फुलांचा आकार आणि रंग वाढविले. १९०१ मध्ये सायलस कोल या माळ्याने लहरदार पाकळ्यांची ‘काउंटेस स्पेन्सर’ प्रदर्शनात मांडली आणि बाजारावर तिच्या वंशाचे राज्य सुरू झाले. आकाराच्या पाठीस लागताना कित्येक नव्या वाणांचा सुवास ओसरला. जुने वाण टिकले ते घरोघरच्या हौशी माणसांनी बी पुढे चालविले म्हणून. हे फूल बहुधा उमलण्यापूर्वीच स्वतःच्या परागाने फळते. त्यामुळे शेजारी दुसरा वाण असला तरी बी सहसा शुद्ध राहते. पोथीच्या नकलकाराला हे सुख कोठले!

पत्नी गेली. तिच्या अक्षरातली बियांची पुडी प्राध्यापकांनी लाल कापडात बांधून पोथ्यांच्या कपाटात ठेवली. तीन हिवाळे गच्ची रिकामी राहिली. चौथ्या वर्षी त्यांनी रोपवाटिकेतून नवे बी आणले. फुले मोठी आली, रंगही देखणे. जिन्यात मात्र काहीच कळले नाही. त्या संध्याकाळी त्यांना उमगले, की आपण जिला जपणूक समजत होतो ती पुडी कपाटात वर्षावर्षाने मरत चालली आहे. बासनातली पोथी कोणी उघडली नाही तर ती वाळवीची होते, हे आयुष्यभर विद्यार्थ्यांना सांगणाऱ्याच्या घरी हे घडावे!

पुढच्या ऑक्टोबरात त्यांनी पुडी सोडली. बिया एकवीस. उगवल्या पाच, त्यांतले एक रोप खारीने खुडले. फेब्रुवारीच्या एका सकाळी ते जिना चढत असता तिसऱ्या पायरीवर थांबले आणि बराच वेळ कठड्याला धरून उभे राहिले.

या वेलीची फुले खुडत राहावी तर ती फुलत राहते. शेंगा धरू दिल्या की बहर आटोपतो. पत्नी दर वर्षी एक वेल न खुडता सोडीत असे. प्राध्यापकांना तेव्हा तो विसराळूपणा वाटला होता. आता तीन वेलींची फुले तिच्या तसबिरीपुढे जाऊ लागली. चौथीला त्यांनी हात लावला नाही. तिचा बहर सर्वांआधी संपला. उन्हे तापली, शेंगा वाळल्या. तडकून बी उडून जाण्यापूर्वी त्यांनी त्या उतरविल्या. सेहेचाळीस बिया निघाल्या.

त्यांनी दोन पुड्या केल्या आणि दोन्हींवर वाणाचे नाव व वर्ष घातले. एक कपाटाबाहेर, टेबलावर राहिली. दुसरी त्यांनी त्याच दिवशी शेजारच्या बाईंना नेऊन दिली. कोणत्याही ग्रंथाची एकच प्रत जगात असू नये, हा त्यांच्या शास्त्राचा पहिलाच धडा होता.