एडिसनचें शुश्रूषागृह

न्यू जर्सी प्रांतांतील एका गांवास १९५४ सालीं थॉमस एडिसनचें नांव मिळालें. त्याची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा तेथेंच होती. आम्ही मात्र विजेच्या दिव्याचा इतिहास पाहावयास गेलों नव्हतों. आमची थोरली बहीण अक्का तेथील एका शुश्रूषागृहांत होती, तिला भेटावयास गेलों होतों.

ओक ट्री रोडवर साड्यांचीं व मिठायांचीं दुकानें इतकीं दाट, कीं क्षणभर दादरचाच भास व्हावा. आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हटलें कीं लहानसें इस्पितळ वा प्रसूतिगृह डोळ्यांपुढें येतें. तिकडे त्याच शब्दाचा अर्थ, विकल वृद्ध बहुधा अखेरपर्यंत राहतात तें स्थान. जागा स्वच्छ होती, परिचारिका हंसतमुख होत्या.

खर्च ऐकून मात्र आमची मति कुंठित झाली. वर्षाकाठीं लाख डॉलरांहून अधिक! पासष्टी उलटलेल्यांस सरकार मेडिकेअर देतें, तेव्हां चिंता नसावी, अशी आमची समजूत. भाचा म्हणाला, "मामा, ती बरें होऊं पाहणाऱ्यासाठीं आहे, म्हाताऱ्याला नुसतें सांभाळण्यासाठीं नव्हे." इस्पितळांत निदान तीन दिवस दाखल राहून पुढें कुशल शुश्रूषा लागली, तर पहिले वीस दिवस पूर्ण खर्च मिळतो; शंभराव्या दिवसापर्यंत रोजचा कांहीं वांटा आपण द्यावयाचा; नंतर कांहीं नाहीं. खुब्याचें हाड मोडलेल्या अक्काचे शंभर दिवस केव्हांच सरले होते. अशा शुश्रूषेचा निराळा विमा मिळतो, पण तो धडधाकट असतांना घ्यावा लागतो. त्या वयांत तें कोणास सुचतें?

उरलें मेडिकेड. मेडिकेअरबरोबरच १९६५ सालीं अध्यक्ष जॉन्सन यांच्या सहीनें आलेली ही योजना निर्धनांसाठीं. एकट्या माणसापाशीं दोन हजार डॉलरांहून अधिक शिल्लक चालत नाहीं. म्हणजे आधीं जन्माची पुंजी शुश्रूषागृहास वाहावी, मग हात पसरावा. परत न घेण्याच्या करारानें अंत्यविधीसाठीं आगाऊ ठेवलेली रक्कम मात्र मोजीत नाहींत. "मरणाची सोय करूं देतात बरें!" असें म्हणून अक्का हंसली.

खरा पेंच पुढेंच होता. अर्जापूर्वींच्या पांच वर्षांत कोणास काय दिलें, याचा हिशेब सरकार मागतें. ही मुदत पूर्वीं तीन वर्षें होती, २००६ च्या कायद्यानें ती वाढली. अक्कानें दोन वर्षांपूर्वीं नातीच्या शिक्षणासाठीं तीस हजार डॉलर दिले होते. विद्येसाठीं दिलेला पैसा वायां जात नाहीं, असें वडिलांनीं आम्हां भावंडांस शिकविलें. तेथें तेंच दान दोष ठरलें. तेवढ्या रकमेंत जितके दिवस शुश्रूषा झाली असती, तितके दिवस मदत बंद. म्हणजे दोन महिन्यांहून अधिक.

पैसे पुरते परत आले तर हा दंड टळतो. रविवारीं नात आली आणि म्हणाली, "आजी, मी एक वर्ष कॉलेज थांबवितें. शुल्काचे कांहीं पैसे शिल्लक आहेत, बाकीचे कर्ज काढून देतें."

"दिलेलें परत घेणारी मी नव्हे," अक्का म्हणाली. "अरे, तूं मास्तर ना? सांग हिला."

आम्हीं भाच्याकडे पाहिलें. त्याची मान खालीं होती. स्वतःच्या म्हातारपणासाठीं ठेवलेल्या पैशालाच त्याला हात घालावा लागणार होता. आम्हांस बोलवेना. जन्मभर वर्गांत बोललों, तेथें मात्र शब्द सुचला नाहीं.

आम्ही निघालों त्या सकाळीं भाच्यानें धनादेश लिहून दिला. मेडिकेड मंजूर झाल्यावर हातखर्चास दरमहा निदान तीस डॉलर तरी हातीं राहतात, हें त्यानें अक्काला सांगितलें. ती आमच्याकडे वळून म्हणाली, "त्यांतले दहा हिच्या वाढदिवसाला दिले, तर तेही मोजतील का रे?"