ओल्डहॅमची घरपट्टी

"इंग्लंडमधल्या एखाद्या साध्या गावाचा कारभार कसा चालतो ते लिहा, लंडन नको," असं संपादकांनी फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्यासमोर एका नाशिककर जोडप्याचं कौन्सिल टॅक्सचं बिल होतं. कौन्सिल टॅक्स म्हणजे इथली घरपट्टी. हे दोघं नुकतेच ओल्डहॅम बरोतल्या, म्हणजे तिथल्या महापालिका हद्दीतल्या, चॅडर्टनमध्ये राहायला आलेत. घर नवं कोरं, जुनी सूतगिरणी पाडून मोकळ्या झालेल्या जागेवर बांधलेलं. त्यांचा प्रश्न सरळ होता : घर आत्ता बांधलं, मग कर १ एप्रिल १९९१ च्या किमतीवर कसा?

नियम असा आहे. घर आज उभं राहिलं, तरी सरकारी मूल्यांकन अधिकाऱ्याने ते त्या दिवशी अस्तित्वात होतं असं धरायचं आणि तेव्हा बाजारात त्याला काय भाव आला असता ते ठरवायचं. त्या दिवशी तिथे गिरणी उभी होती. त्या दोघांना नियम कळला, पण पटला नाही. इंग्लंडमधल्या स्थानिक संस्थांचे हिशेब पाहण्यात माझी सगळी नोकरी गेली, आणि मलाही तो अजून पटलेला नाही. ओल्डहॅमसारख्या बरोंचं निम्मं दुखणं या एका तारखेत आहे, असं माझं मत आहे. पण ते पटवून देण्याआधी गाव दाखवायला हवं.

ओल्डहॅम हे मँचेस्टरच्या ईशान्येला सुमारे अकरा किलोमीटरवर, पेनाइन डोंगरांच्या पश्चिम उतारावर वसलेलं आहे. अर्क आणि मेडलॉक या दोन लहान नद्यांच्या मधल्या उंचवट्यावर मूळ गाव आहे. पाण्याच्या जोरावर चाकं फिरत होती त्या काळात अशा जागेला फारशी किंमत नव्हती. वाफेचं इंजिन आलं आणि चित्र पालटलं. कोळसा पायाखाली होता, मँचेस्टरचा कापूसबाजार जवळ होता, आणि यंत्रं बनवणारी प्लॅट ब्रदर्स ही कंपनी गावातलीच होती. १८७० च्या दशकात इथे समभागांवर चालणाऱ्या गिरण्यांची लाट आली. 'ओल्डहॅम लिमिटेड' नावाने त्या ओळखल्या जातात. त्यांचे समभाग घेणाऱ्यांत गिरणीकामगारही होते. १९११ मध्ये जगात सुमारे १४ कोटी ३० लाख चात्या होत्या. त्यांपैकी १ कोटी ६४ लाख एकट्या ओल्डहॅममध्ये फिरत होत्या.

मुंबईचा आणि या गावाचा धागा जुना आहे. कावसजी दावरांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिली सूतगिरणी काढली. तिथून गिरणगाव वाढत गेलं, आणि त्या गिरण्यांमधल्या अनेक यंत्रांवर प्लॅट ब्रदर्सचं नाव असे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात लँकेशायरला कापूस मिळेना. गिरण्या बंद पडल्या, कामगार उपाशी राहिले, आणि त्याच वर्षांत आपल्याकडचा आखूड धाग्याचा कापूस चढ्या भावाने इकडे येऊन मुंबईत पैशाचा पूर आला. युद्ध संपताच मुंबईत शेअरांचा फुगा फुटला. एकाच धंद्यावर उभ्या असलेल्या गावाची नाडी किती दूरच्या हातात असते, हे ओल्डहॅमला तेव्हाच दिसलं होतं.

पुढची कथा गिरणगावच्या वाचकाला नव्याने सांगायला नको. पहिल्या महायुद्धानंतर निर्यात कोसळली. १९६० च्या दशकात रात्रपाळीसाठी पाकिस्तानातून आणि आजच्या बांगलादेशातून कामगार आले. ग्लॉडविक, कोल्डहर्स्ट, वेस्टवूड या वस्त्यांतल्या स्वस्त, एकाला एक चिकटलेल्या कामगारघरांत ते राहिले. मग गिरण्या गेल्या आणि माणसं व घरं मागे राहिली. रॉयटनमधली एल्क मिल १९९८ मध्ये बंद झाली. आज त्या जागेवर दुकानांचा मोठा समूह आहे.

आता बरो म्हणजे काय ते सांगते. १९७२ च्या कायद्यानुसार १ एप्रिल १९७४ रोजी ओल्डहॅम मेट्रोपॉलिटन बरो जन्माला आला. ओल्डहॅम शहराला चॅडर्टन, रॉयटन, क्रॉम्प्टन, फेल्सवर्थ, लीज आणि सॅडलवर्थ जोडले गेले. यातलं सॅडलवर्थ म्हणजे डोंगरातल्या खेड्यांचा समूह : अप्परमिल, डेल्फ, डॉबक्रॉस, डिगल, ग्रीनफिल्ड. ही खेडी पेनाइनच्या अलीकडच्या, म्हणजे लँकेशायरच्या बाजूला असूनही पूर्वापार यॉर्कशायरमध्ये मोडत. सूत खाली ओल्डहॅमात, लोकर वर सॅडलवर्थमध्ये. आजही १ ऑगस्टला, यॉर्कशायर दिनी, तिथे पांढऱ्या गुलाबाचे झेंडे लागतात. आपल्याला सीमाभागाची आठवण होईल, पण इथे वाद भाषेचा नाही, आपण कोणाचे या भावनेचा आहे. माझ्या मते १९७४ ची रेषा शहाणपणाची होती. दाट वस्तीचं गिरणगाव आणि मोकळे डोंगर एका हिशेबात आले. बरोचा जवळपास चौथा भाग पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानात येतो, हे मँचेस्टरहून ट्रामने येणाऱ्या माणसाच्या ध्यानीमनीही नसतं. सॅडलवर्थमधली महागडी घरं या हिशेबात नसती, तर बरोची अवस्था आणखी बिकट झाली असती.

२०२१ च्या जनगणनेत बरोची लोकसंख्या सुमारे २ लाख ४२ हजार होती. २० प्रभाग आणि प्रत्येकी तीन याप्रमाणे ६० नगरसेवक आहेत. बरोचा महापौर वर्षभरासाठी असतो आणि तो केवळ मानाचा असतो. त्याच्या गळ्यातली साखळी पाहून लोक त्यालाच कारभारी समजतात. खरा कारभार नगरसेवकांनी निवडलेला नेता आणि त्याचं मंत्रिमंडळ चालवतं. मुख्य अधिकारी हा त्यांचा नोकर असतो. आपल्याकडे राज्य सरकार नेमतं तो आयुक्त महापालिका चालवतो. मराठी वाचकाने हा फरक मनात पक्का ठेवावा. शिवाय दहा बरो मिळून ग्रेटर मँचेस्टर होतो, आणि त्याचा थेट निवडून आलेला महापौर वेगळा. २०१७ मध्ये ते पद अँडी बर्नम यांच्याकडे गेलं. पोलीस, अग्निशमन आणि बस-ट्राम त्या पातळीवर.

मग बरोकडे काय राहतं? आपल्याला महापालिका म्हटलं की पाणी, गटारं, दवाखाने आठवतात. इथे पाणी खासगी कंपनीचं, रुग्णालय राष्ट्रीय आरोग्यसेवेचं. बरोचा सगळ्यात मोठा खर्च होतो तो थकलेल्या आणि अपंग माणसांच्या देखभालीवर, आणि ज्यांचे आईबाप त्यांना सांभाळू शकत नाहीत अशा मुलांवर. ही कामं कायद्याने बांधलेली आहेत, ऐपत नाही म्हणून नाकारता येत नाहीत. बालगृहात ठेवलेल्या एकेका मुलाचा खर्च आठवड्याला हजारो पौंडांवर जाऊ शकतो. दैनंदिन खर्चासाठी कर्ज काढता येत नाही आणि अंदाजपत्रकात जमाखर्चाचा मेळ घालावाच लागतो. ते जमत नसेल, तर मुख्य वित्त अधिकाऱ्याने १९८८ च्या कायद्याच्या कलम ११४ खाली तसं जाहीर करायचं. बर्मिंगहॅमने २०२३ मध्ये ते केलं. सत्ताधाऱ्यांना नको असलेलं सत्य एका अधिकाऱ्याने सही करून सांगायचं, आणि कायदा त्याच्या पाठीशी उभा राहतो. या व्यवस्थेचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

आता १ एप्रिल १९९१ या तारखेकडे येते. पोल टॅक्स या दरडोई करावरून देशभर संताप उसळला, म्हणून १९९३ मध्ये घाईने कौन्सिल टॅक्स आणला गेला. घरांचे 'ए' ते 'एच' असे आठ गट पाडले. १९९१ च्या भावाने ४० हजार पौंडांपर्यंतचं घर 'ए' गटात, ३ लाख २० हजारांच्या वरचं 'एच' गटात. 'डी' हा मधला गट, दर त्यावर ठरतो. 'ए' ने 'डी'च्या दोन तृतीयांश भरायचा, 'एच'ने दुप्पट. म्हणजे सर्वांत वरच्या घराची किंमत खालच्याच्या किमान आठपट, पण कर तिप्पट. त्याहून मोठा हवेलीवजा बंगला असला तरी तिप्पटच. इंग्लंडमध्ये हे गट तेव्हापासून नव्याने ठरवले गेलेले नाहीत. लंडनच्या घरांचे भाव कुठल्या कुठे गेले, तरी हिशेब १९९१ चाच.

याचा ओल्डहॅमशी संबंध काय? कागद-पेन्सिल घ्या. 'ए' गटातली हजार घरं म्हणजे 'डी'ची ६६७ घरं. 'एच'ची हजार घरं म्हणजे 'डी'ची २,०००. सार्वमत न घेता कर वर्षाला साधारण पाच टक्क्यांपर्यंत वाढवता येतो आणि ही मर्यादा बरोंसारख्या बहुतेक संस्थांना सारखी आहे. पण दर सारखा असेल, तर तीच टक्केवारी 'ए'च्या हजार घरांवर जेवढे पैसे देते, त्याच्या तिप्पट 'एच'च्या हजार घरांवर देते. ओल्डहॅममध्ये सर्वांत जास्त घरं 'ए' गटात आहेत, कारण ती गिरणीकामगारांसाठी बांधलेली आहेत. म्हणजे जिथे गरजू माणसं जास्त, तिथे कराचा पाया अरुंद. ती उणीव केंद्राच्या अनुदानाने भरून निघे. २०१० नंतर अनुदान कापलं गेलं आणि भार दरावर आला. आज ओल्डहॅममध्ये 'डी' गटाचं बिल दोन हजार पौंडांच्या वर आहे. लंडनच्या वेस्टमिन्स्टरमध्ये ते हजाराच्या आसपास. दुप्पट करून पाहा : वेस्टमिन्स्टरमधल्या 'एच' गटातल्या प्रासादापेक्षा ओल्डहॅममधल्या 'डी' गटातल्या घराला जास्त कर पडतो. हा आकडा मी कुठल्याही सभेत सांगितला की समोरच्याला खरा वाटत नाही. दोन्ही बिलं शेजारी ठेवावी लागतात.

फेरमूल्यांकनाच्या विरोधकांचं म्हणणं मी नीट ऐकलेलं आहे. वेल्सने २००३ च्या किमती धरून २००५ मध्ये नवे गट लावले. तेव्हा सुमारे एक तृतीयांश घरं वर सरकली, खाली आलेली त्या मानाने फारच कमी होती. लोक खवळले, आणि इंग्लंडने २००७ साठी ठरवलेलं फेरमूल्यांकन त्याच सुमारास गुंडाळून ठेवलं. लंडनमध्ये जन्मभर एका घरात राहिलेल्या, पेन्शनवर जगणाऱ्या विधवेचं काय, हा प्रश्नही खोटा नाही. त्याला उत्तर आहे : उत्पन्न कमी असेल, तर कर घराच्या विक्रीपर्यंत पुढे ढकला. पण एका विधवेची अडचण पुढे करून सगळा देश गोठवून ठेवणं मला न्यायाचं वाटत नाही. मला एकच शंका छळते. फेरमूल्यांकन झालंच आणि त्याच वेळी केंद्राने अनुदानाचं सूत्र फिरवलं, तर गरीब बरोच्या हातात काय उरेल? पाया रुंद झाला म्हणून मदत कमी, हे सरकार सहज करू शकतं.

या सगळ्यावर लोकांचे गैरसमज साचलेले आहेत, आणि त्यांचा मला खरंच शीण येतो. गट कौन्सिल ठरवत नाही, मूल्यांकन कार्यालय ठरवतं. बिलातले सगळे पैसे कौन्सिलकडे राहत नाहीत. त्यात पोलिसांची ओळ वेगळी, ग्रेटर मँचेस्टरच्या महापौराच्या निधीची वेगळी, आणि सॅडलवर्थमध्ये राहत असाल तर तिथल्या ग्रामपंचायतीसारख्या पॅरिश कौन्सिलचीही. एका बरोच्या अंदाजपत्रकाच्या सभेत एक आजी तावातावाने विचारत होत्या, "एवढा कर भरतो, मग आमचं वाचनालय आठवड्यातून तीनच दिवस का?" त्यांचा राग अगदी योग्य होता. पण मुलांच्या देखभालीचा खर्च कापता येत नाही, वाचनालयाचे तास कापता येतात, हे त्यांना आधी कुणीही सांगितलं नव्हतं. जे दिसतं तेच आधी कापलं जातं, आणि जे वाढतं ते दिसत नाही.

अशा वेळी दोष शेजाऱ्यावर ढकलणं सोपं जातं. मे २००१ मध्ये ओल्डहॅममध्ये गोऱ्या आणि आशियाई वस्त्यांमध्ये दंगली झाल्या. त्यांची कारणं अनेक होती. पण 'सगळा पैसा त्यांच्या वस्तीत जातो' ही समजूत दोन्हीकडे मी इतरत्रही ऐकलेली आहे. ताट मुळातच अपुरं वाढलेलं असताना, शेजाऱ्याने जास्त खाल्लं असं दोघांना वाटतं. वाढणारा हात मात्र कुणी पाहत नाही.

मराठी वाचकाला हे परकं वाटायचं कारण नाही. जुलै २०१७ मध्ये जकात गेली आणि मुंबई महापालिकेचं मोठं हक्काचं उत्पन्न राज्याच्या भरपाईत बदललं. मुंबईने २०१० पासून मालमत्ताकर भांडवली मूल्यावर नेला, ही इंग्लंडने शिकण्यासारखी गोष्ट आहे. पण ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना माफी द्यायचं ठरलं तेव्हा तो निर्णय राज्याने घेतला, तूट मात्र शहराच्या वहीत आली. ती माफी योग्य की अयोग्य हा वेगळा प्रश्न. देण्याचं श्रेय एकाकडे आणि भरण्याची जबाबदारी दुसऱ्याकडे, ही रचना ओल्डहॅम आणि मुंबई दोन्हीकडे सारखी आहे.

म्हणून माझी मागणी दोन्हीकडे एकच आहे. घरांचं मूल्यांकन ठरावीक वर्षांनी व्हावं, कोणाचं सरकार आहे ते न पाहता व्हावं. इंग्लंडमध्ये वरच्या गटांची संख्या वाढावी. आणि केंद्राने किंवा राज्याने एखादं काम किंवा माफी अंगावर टाकली, तर त्याची रक्कम त्याच कायद्यात लिहून द्यावी. पुढच्या निवडणुकीत उमेदवार दारी येईल तेव्हा खड्ड्यांबद्दल जरूर विचारा, पण तेवढ्यावर सोडू नका. खड्डा बुजवायचे पैसे कुठून येतात आणि कराचा पाया कोण ठरवतं, हे त्याला सांगता येत नसेल, तर तो खड्डाही बुजवू शकणार नाही.